कीटकगणना आणि सांख्यिकी: ठाणे आणि नवी मुंबईतील अभ्यासकांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

येऊरच्या पाऊलवाटा, ओवळ्याच्या बागा, खारघरची टेकडी, ऐरोलीचा खाडीकाठ अशा ठिकाणी फुलपाखरे, पतंग, चतुर आणि डास यांच्या नोंदी ठेवणाऱ्या विद्यार्थ्यांची आणि निसर्गप्रेमींची संख्या आता बरीच आहे. वह्या भरलेल्या असतात, पण त्यांतून काय म्हणता येईल आणि काय म्हणता येणार नाही, याविषयी शंका राहतात. पुढील प्रश्न त्याच शंकांमधून निवडले आहेत. उदाहरणांत ‘समजा’ असे म्हणून दिलेले आकडे केवळ रीत समजावण्यासाठी आहेत.

फुलपाखरे डोळ्यांनी दिसतात आणि बोटांवर मोजता येतात. मग सांख्यिकी कशासाठी लागते?

एखाद्या सकाळी येऊरच्या वाटेवर २५ कॉमन क्रो दिसली, असे आपण लिहितो तेव्हा त्या २५ या आकड्यात तीन गोष्टी एकत्र आलेल्या असतात: परिसरात ती फुलपाखरे मुळात किती होती, त्यांपैकी त्या वेळी किती उडत होती, आणि उडणाऱ्यांपैकी आपल्या नजरेस किती पडली. ढग दाटले की दुसरी गोष्ट बदलते. सरावलेल्या निरीक्षकाऐवजी नवखा निरीक्षक गेला की तिसरी बदलते. पहिली गोष्ट तसूभरही न बदलता वहीतला आकडा ४० किंवा १० होऊ शकतो. आपल्याला मात्र पहिल्याच गोष्टीविषयी बोलायचे असते. ज्या ठिकाणी या तिन्ही गोष्टी गणिताने वेगळ्या करता येतात तेथे त्या वेगळ्या करणे, आणि जेथे ते शक्य नाही तेथे दुसरी व तिसरी गोष्ट शक्य तितकी स्थिर ठेवणे, हे या शास्त्राचे काम आहे. म्हणूनच सांख्यिकीचा विचार नोंदी गोळा झाल्यावर सुरू करून चालत नाही. पहिल्या फेरीच्या आधी, नकाशा समोर असतानाच तो व्हावा लागतो.

ठरावीक वाटेवरची गणना, म्हणजेच ट्रान्सेक्ट, कशी आखावी?

फुलपाखरांसाठी सर्वाधिक रूढ असलेली पद्धत पोलार्ड यांच्या नावाने ओळखली जाते आणि ब्रिटनमधील राष्ट्रीय फुलपाखरू गणना १९७६ पासून याच पद्धतीवर चालत आली आहे. निरीक्षक ठरलेल्या वाटेवरून एकसारख्या गतीने चालतो आणि आपल्याभोवतीच्या ५ मीटर रुंदीच्या कल्पित चौकटीत आलेलीच फुलपाखरे मोजतो. चौकटीबाहेरचे फुलपाखरू कितीही देखणे असले, अगदी आपले राज्य फुलपाखरू ब्लू मॉर्मन असले, तरी ते गणनेत धरायचे नाही. त्याची वेगळी टीप ठेवता येते. वेळ, तापमान, ऊन, वारा आणि निरीक्षकाचे नाव प्रत्येक फेरीला लिहावे.

ब्रिटनमधील गणनेचा हंगाम एप्रिल ते सप्टेंबर असतो आणि तो आपल्याकडे जसाच्या तसा घेण्यात अर्थ नाही. कोकणपट्टीत फुलपाखरांचा बहर पाऊस ओसरल्यानंतर येतो, त्यामुळे सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात फेऱ्या दाट ठेवाव्यात. उन्हाळ्यातल्या फेऱ्या मात्र कंटाळवाण्या वाटल्या म्हणून सोडू नयेत, कारण हंगामाचा चढ आणि उतार दोन्ही कळल्याशिवाय दोन वर्षांची तुलना होत नाही.

वाटेची निवड हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. जेथे फुलपाखरे भरपूर दिसतात तीच वाट निवडण्याचा मोह प्रत्येकाला होतो, आणि तशा वाटेवरून संपूर्ण टेकडीविषयी काही सांगता येत नाही. नकाशावर चौकोन पाडून चिठ्ठ्या टाकाव्यात आणि चिठ्ठीत आलेला चौकोन उजाड निघाला तरी तेथे जावे. पीक कापणी प्रयोगांसाठी शेते यादृच्छिक पद्धतीने निवडण्याचा आग्रह धरणारे पां. वा. सुखात्मे सातारा जिल्ह्यातले, आणि बंगालमधील तागाच्या क्षेत्राचे नमुना सर्वेक्षण उभारणारे प्रशांतचंद्र महालनोबीस कोलकात्याचे. शेतातले उत्पन्न जाणण्यासाठी त्यांनी जी शिस्त घालून दिली, तीच शिस्त जंगलातल्या कीटकांना लागू पडते.

एकही कीटक दिसला नाही तर त्या फेरीची नोंद करावी का?

अवश्य करावी. तारीख, वेळ, हवामान आणि पुढे शून्य. शून्याच्या फेऱ्या वहीतून गळल्या तर सरासरी फुगते आणि ती नंतर कोणत्याही सूत्राने दुरुस्त करता येत नाही.

एखादी जाती आम्हाला तीन फेऱ्यांत दिसली नाही. ती तेथे नाही असे म्हणावे का?

इतक्यात नाही. समजा, जाती तेथे असताना एका फेरीत ती दिसण्याची संभाव्यता ०.४ आहे. मग एका फेरीत न दिसण्याची संभाव्यता ०.६, आणि लागोपाठ तीन फेऱ्यांत न दिसण्याची ०.६ × ०.६ × ०.६ म्हणजे सुमारे ०.२२. याचा अर्थ, ती जाती जेथे आहे अशा दर पाच ठिकाणांपैकी एका ठिकाणी आपण ती ‘नाही’ असे चुकीने लिहू. सहा फेऱ्या केल्या तर हे प्रमाण ०.०५ च्या खाली येते.

ही संभाव्यता मुळात कळते कशी, हा पुढचा प्रश्न. एकाच ठिकाणी थोड्या दिवसांत अनेक फेऱ्या केल्या की ‘दिसली, नाही, दिसली, नाही’ असा क्रम मिळतो. ज्या ठिकाणी जाती एकदा तरी दिसली, तेथील ‘नाही’ या नोंदी नजरेतून सुटल्याच्या असतात, आणि त्यांवरून दिसण्याची संभाव्यता काढता येते. मॅकेन्झी आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मांडलेली वास्तव्य-प्रतिमाने, ज्यांना ऑक्युपन्सी मॉडेल म्हणतात, याच कल्पनेवर उभी आहेत. त्यांची अट एवढीच की त्या फेऱ्यांच्या काळात जाती त्या ठिकाणी नव्याने आलेली किंवा तेथून नाहीशी झालेली नसावी. नोव्हेंबरमधल्या दोन आठवड्यांत हे मान्य करता येते; ऑगस्टची फेरी आणि डिसेंबरची फेरी एकत्र करून मान्य करता येत नाही.

एखाद्या जागी एकूण किती फुलपाखरे आहेत, हे खूण करून मोजण्याची पद्धत कितपत भरवशाची आहे?

पद्धत जुनी आणि सुंदर आहे. डेन्मार्कमध्ये पीटरसन यांनी १८९६ च्या सुमारास माशांसाठी आणि अमेरिकेत लिंकन यांनी १९३० मध्ये पाणपक्ष्यांसाठी ती वापरली. पहिल्या दिवशी काही फुलपाखरे पकडून पंखावर मार्करने बारीक खूण करून सोडायची. एक-दोन दिवसांनी पुन्हा पकडायची आणि त्यांत खूण असलेली किती हे पाहायचे.

समजा, पहिल्या दिवशी ६० प्लेन टायगरांना खूण केली. दुसऱ्या खेपेस ५० पकडली आणि त्यांत १२ खूण असलेली निघाली. सरळ प्रमाणाने अंदाज येतो ६० × ५० ÷ १२, म्हणजे २५०. पुन्हा सापडलेल्यांची संख्या लहान असते तेव्हा हा अंदाज थोडा चढा असतो, म्हणून चॅपमन यांची दुरुस्ती वापरतात: ६१ × ५१ ÷ १३, त्यातून १ वजा, उत्तर सुमारे २३८. याची प्रमाण त्रुटी, म्हणजे अंदाजातील अनिश्चिततेचे माप, सुमारे ४९ येते. त्यावरून ९५ टक्के विश्वास अंतराल, म्हणजे ज्या पट्ट्यात खरी संख्या असावी असा बराच भरवसा धरता येतो तो पट्टा, साधारण १४० ते ३३५ असा पडतो. खूप मेहनत करूनही अंतराल इतके रुंद राहते, यामुळे विद्यार्थी निराश होतात. तसे होण्याचे कारण नाही; पुन्हा सापडलेल्यांची संख्या वाढली की अंतराल आक्रसते.

खरी अडचण गृहीतकांची आहे. प्रत्येक फुलपाखरू पकडले जाण्याची संधी सारखी असावी, असे हे सूत्र धरून चालते. आपल्याकडे पावसाळ्यानंतर खुळखुळ्याच्या झुडपांवर टायगर आणि क्रो गटातील फुलपाखरांचे थवे जमतात आणि तेथे खूण करणे सोपे जाते. परंतु त्या झुडपांतील अल्कलॉइड मिळवण्यासाठी तेथे येतात ते मुख्यतः नर. तेच नर पुन्हा तेथेच येतात, म्हणून खूण असलेली जास्त सापडतात आणि एकूण संख्या कमी भासते. माद्या तर हिशेबात जवळजवळ येतच नाहीत. यासाठी नर आणि मादी यांचे गणित वेगळे ठेवावे, आणि खूण करण्याच्या जागा पसरट ठेवाव्यात. जन्म, मृत्यू व स्थलांतर चालू असलेल्या खुल्या समूहासाठी अनेक खेपांवर आधारलेली, १९६५ मध्ये मांडली गेलेली जॉली–सीबर पद्धत वापरावी.

संरक्षित वनात कीटक पकडण्यासाठी परवानगी लागते का?

लागते. येऊरचे वन संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडते. तेथे पकडणे, खूण करणे किंवा सापळा लावणे यांसाठी वन विभागाची लेखी परवानगी आधी घ्यावी. अनेक फुलपाखरांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षणही आहे. केवळ पाहून मोजण्याच्या पद्धतींनी प्रश्न सुटत असेल, तर त्याच निवडाव्यात.

आम्ही दोन जागांच्या सरासरींची टी-चाचणीने तुलना केली. मार्गदर्शकांनी ती नाकारली. का?

बहुधा आकड्यांच्या विखुरण्यामुळे. खारघरच्या टेकडीवर रुईच्या १० झुडपांवरील मावा तपासला, प्रत्येक झुडपाची एक फांदी पाहिली आणि मिळालेल्या वसाहती अशा होत्या असे समजा: ०, ०, ०, १, ०, १२, ०, ०, ७, ०. सरासरी २ आहे. प्रचरण, म्हणजे व्हेरियन्स किंवा आकड्यांच्या विखुरण्याचे माप, काढले तर ते सुमारे १७ येते. मावा झुडपांवर निव्वळ योगायोगाने विखुरलेला असता तर पॉयसाँ वितरण लागू पडले असते आणि प्रचरण सरासरीइतकेच, म्हणजे २ च्या आसपास राहिले असते. १० झुडपांपैकी एखाद-दुसरेच रिकामे निघाले असते. येथे सात रिकामी आहेत.

कीटक पुंजक्यांनी राहतात. मादी एकाच ठिकाणी अंडी घालते, पिल्ले तेथेच वाढतात, कोवळे शेंडे थोड्याच झुडपांना असतात. मुरबाड-शहापूरच्या भातखाचरांतले तुडतुडे घ्या किंवा सोसायटीच्या बागेतल्या जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण घ्या, चित्र हेच दिसते. टेलर यांनी १९६१ मध्ये दाखवले की निरनिराळ्या जातींत सरासरी वाढली की प्रचरण तिच्या एका घातानुसार वाढते, आणि तो घात बहुतेक वेळा १ पेक्षा मोठा असतो. अशा आकड्यांना घंटेच्या आकाराचे प्रसामान्य वितरण गृहीत धरणारी टी-चाचणी लावली तर एकट्या ‘१२’ या आकड्यावर संपूर्ण निष्कर्ष हिंदकळतो. त्याऐवजी ऋण द्विपद वितरणावर, म्हणजे पुंजक्यांनी येणाऱ्या संख्यांना जुळणाऱ्या वितरणावर, आधारित सामान्यीकृत रेषीय प्रतिमान (जीएलएम) वापरावे. शून्ये त्याहूनही जास्त असतील तर शून्यांसाठी वेगळा भाग असलेले प्रतिमान तपासावे, पण आधी एवढी शून्ये कशामुळे आली याचा विचार करावा: त्या झुडपावर मावा येऊच शकत नव्हता, की येऊ शकत होता आणि या खेपेस आला नव्हता? या दोन शून्यांचा अर्थ वेगळा आहे आणि तो फरक झुडूप पाहिलेल्या माणसालाच सांगता येतो.

मग किती झुडपे किंवा फांद्या तपासाव्यात?

प्राथमिक पाहणी करून मगच ठरवावे. प्रमाण त्रुटी सरासरीच्या २५ टक्क्यांपर्यंत चालेल असे ठरवले, तर लागणारी नमुनासंख्या म्हणजे प्रचरण भागिले (०.२५ चा वर्ग × सरासरीचा वर्ग). वरील उदाहरणात हे १७.१ ÷ ०.२५, म्हणजे सुमारे ७० येते. ‘तीस नमुने पुरतात’ हा महाविद्यालयांत ऐकू येणारा नियम पुंजक्यांनी राहणाऱ्या कीटकांना लागू होत नाही.

येऊरच्या एका वाटेवर २० फेऱ्या आणि घोडबंदर रस्त्यालगतच्या एका बागेत २० फेऱ्या केल्या. जंगल आणि शहर यांची तुलना झाली का?

एका वाटेची एका बागेशी तुलना झाली. जंगल आणि शहर यांविषयी बोलायचे तर जंगलातल्या अनेक वाटा आणि शहरातल्या अनेक बागा हव्यात, कारण तुलनेचे एकक येथे जागा आहे, फेरी नव्हे. त्या एकाच वाटेशेजारी ओढा असेल, किंवा त्या बागेत नेमके लिंबाचे झाड असेल, तर दिसलेला फरक त्या ओढ्याचा किंवा त्या झाडाचा असू शकतो. हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये या दोषाला छद्म-पुनरावृत्ती असे नाव दिले आणि प्रकाशित झालेल्या परिसंस्था-प्रयोगांतही तो किती पसरलेला आहे हे दाखवले. वेळ ४० फेऱ्यांचाच असेल, तर दोन जागी प्रत्येकी २० फेऱ्या करण्यापेक्षा १० जागी प्रत्येकी ४ फेऱ्या करणे कितीतरी अधिक उपयोगाचे आहे. आणि विश्लेषणात जागा हा यादृच्छिक परिणाम म्हणून घ्यावा, म्हणजे एकाच जागेच्या फेऱ्या एकमेकींसारख्या असतात हे प्रतिमानात धरले जाते.

आम्हाला ३८ जाती दिसल्या. परिसरात प्रत्यक्षात किती असतील?

या प्रश्नाचा इतिहासही फुलपाखरांशीच जोडलेला आहे. फुलपाखरांचे अभ्यासक कॉर्बेट यांनी मलायात (आजच्या मलेशियात) गोळा केलेल्या फुलपाखरांच्या यादीत कित्येक जाती अशा होत्या की त्यांचा एकेकच नमुना मिळाला होता. आणखी काही काळ गोळा केले तर किती नव्या जाती मिळतील, या प्रश्नातून फिशर, कॉर्बेट आणि विल्यम्स यांचा १९४३ चा लेख निघाला.

आज बहुधा चाओ यांनी १९८४ मध्ये दिलेला अंदाज वापरतात. एकदाच दिसलेल्या जातींच्या संख्येचा वर्ग घ्यावा, त्याला दोनदा दिसलेल्या जातींच्या दुपटीने भागावे आणि ते दिसलेल्या जातींत मिळवावे. ३८ पैकी १० जाती एकदाच आणि ५ जाती दोनदा दिसल्या असतील तर १०० ÷ १०, म्हणजे १० जाती नजरेआड असाव्यात आणि एकूण अंदाज ४८ येतो. हा किमान अंदाज आहे. शिवाय एकदाच दिसलेल्या जातीची ओळख चुकली तर तिचा परिणाम थेट या आकड्यावर होतो, म्हणून अशा प्रत्येक नोंदीचे छायाचित्र जपून ठेवावे. दोन ठिकाणची नुसती जातिसंख्या शेजारी शेजारी मांडू नये. सारख्या श्रमाला किंवा सारख्या नमुन्याला आणूनच तुलना करावी.

डासांच्या सर्वेक्षणातील निर्देशांक कसे वाचावेत?

डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासासाठी तीन निर्देशांक प्रचलित आहेत. समजा, २०० घरे तपासली, त्यांत पाण्याची ५०० भांडी पाहिली. १६ घरांतील २४ भांड्यांत अळ्या आढळल्या. घर निर्देशांक ८ टक्के, भांडे निर्देशांक ४.८ टक्के आणि ब्रेटो निर्देशांक, म्हणजे दर १०० घरांमागे अळ्या असलेली भांडी, १२ इतका झाला.

मात्र ही २०० घरे दहा इमारतींतली प्रत्येकी २० असतील, तर ती २०० स्वतंत्र निरीक्षणे ठरत नाहीत. एका इमारतीत गच्चीवरची टाकी, कुंड्यांखालच्या ताटल्या आणि पाणी साठवण्याच्या सवयी सारख्या असतात. एकाच इमारतीतील घरांमधला सहसंबंध ०.१ धरला तरी संरचना-परिणाम, म्हणजे अशा गटांमुळे प्रचरण किती पट वाढते याचे माप, १ + १९ × ०.१, म्हणजे २.९ होतो आणि २०० घरांत माहिती सुमारे ६९ स्वतंत्र घरांइतकीच उरते. वाशी किंवा वर्तकनगरसारख्या वसाहतींत म्हणूनच कमी इमारतींतली जास्त घरे तपासण्याऐवजी जास्त इमारतींतली थोडी थोडी घरे तपासावीत. बंद घरांची संख्याही वेगळी लिहावी. बंद घरात अळ्या नसतील असे धरून चालणे धोक्याचे आहे. हे निर्देशांक अळ्यांचे आहेत, उडणाऱ्या डासांचे नाहीत, आणि एका मोठ्या पिंपातून बाटलीच्या टोपणापेक्षा कितीतरी जास्त डास बाहेर पडतात, हेही विसरू नये.

‘कीटक कमी होत चालले आहेत’ असे आमच्या नोंदींवरून म्हणता येईल का?

जर्मनीतील ६३ संरक्षित ठिकाणी २७ वर्षांत उडणाऱ्या कीटकांचे एकूण वजन ७५ टक्क्यांहून अधिक घटले, असा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभर चिंता व्यक्त झाली. ती चिंता योग्यच आहे. त्याच वेळी हेही लक्षात घ्यावे की त्या ठिकाणांपैकी निम्म्याहून अधिक ठिकाणी एकाच वर्षी नमुने घेतले होते, आणि म्हणून अधिवास, हवामान व हंगाम यांचा हिशेब प्रतिमानात काळजीपूर्वक धरावा लागला.

आपल्याकडचे उदाहरण खाडीकाठचे घ्यावे. पावसाळ्याच्या उत्तरार्धात काही वर्षी ठाणे खाडीलगतची तिवरे करपल्यासारखी तपकिरी दिसतात. हिब्लिया प्युएरा या पतंगाच्या अळ्या पाने फस्त करतात आणि झाडांना पुढे पुन्हा पालवी फुटते. उद्रेक पाहूनच अभ्यास सुरू केला, तर पहिले वर्ष आपोआप शिखराचे ठरते आणि पुढची वर्षे घसरणीची भासतात. जागा निवडताना भरपूर कीटकांची जागा निवडली तरी हाच भ्रम होतो. कीटकांची संख्या गुणाकाराने वाढते व घटते, म्हणून लॉगॅरिदमवर काम करावे: संख्या एका वर्षी चौपट आणि पुढच्या वर्षी एक चतुर्थांश झाली तर ती मूळ पदावर येते, पण ४ आणि ०.२५ यांची साधी सरासरी २.१ पेक्षा अधिक येऊन वाढीचा खोटा भास देते. तीन-चार वर्षांच्या नोंदींवरून कल सांगू नये. तेवढ्या काळात दिसणारा बदल बहुधा त्या त्या वर्षीच्या पावसाचा असतो.

आयनॅचरलिस्टसारख्या व्यासपीठांवरील नागरिकांच्या नोंदी वापराव्यात का?

जातींची यादी, पहिले दर्शन आणि प्रसार यांसाठी जरूर वापराव्यात. संख्येसाठी जपून, कारण नोंदी रविवारी, प्रवेशद्वाराजवळ आणि रंगीत फुलपाखरांच्या जास्त होतात, आणि शून्ये त्यांत नसतात. नोंदी दुप्पट झाल्या म्हणजे निरीक्षक दुप्पट झाले असण्याचीच शक्यता अधिक.

४० जातींची तुलना केली आणि दोन जातींत पी-मूल्य ०.०५ पेक्षा कमी आले. हा शोध मानावा का?

पी-मूल्य म्हणजे मुळात फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची संभाव्यता. कोणत्याही जातीत फरक नसता तरी ४० पैकी सरासरी दोन चाचण्यांत असे घडलेच असते. अनेक चाचण्या एकदम केल्या की लावायची बेंजामिनी–हॉखबर्ग यांची १९९५ ची दुरुस्ती लावावी. त्याहून बरे म्हणजे कोणत्या जातींत फरक अपेक्षित आहे आणि का, हे फेऱ्यांच्या आधी लिहून ठेवावे.

कोणते सॉफ्टवेअर वापरावे?

‘आर’ ही सांख्यिकीची संगणक-भाषा विनामूल्य आहे आणि पुरेशी आहे. जातिविविधतेसाठी ‘व्हेगन’ आणि वास्तव्य-प्रतिमानांसाठी ‘अनमार्क्ड’ ही पॅकेजेस आहेत. पहिला आलेख कागदावर हाताने काढण्याची सवय मात्र सोडू नये.

निष्कर्ष महापालिकेकडे किंवा वन विभागाकडे पाठवताना किती आकडे द्यावेत?

मुख्य अंदाज थोडेच द्यावेत, पण प्रत्येकासोबत विश्वास अंतराल असावे, आणि जागा किती, फेऱ्या किती, कोणत्या महिन्यांत, किती निरीक्षक, हे पहिल्याच पानावर यावे. ‘२३८ फुलपाखरे’ असे न लिहिता ‘सुमारे १४० ते ३३५’ असे लिहिले तर अभ्यास कच्चा वाटेल, ही भीती बाळगू नये. टेकडीवरचा रस्ता किंवा खाडीचा भराव यांवर निर्णय घेणाऱ्याला त्या अंतरालाचीच गरज असते. शून्याच्या फेऱ्यांसह मूळ तक्ता परिशिष्टात जोडावा, म्हणजे पाच वर्षांनी दुसरा कोणी त्याच वाटेवर चालला तर त्याला आपल्या आकड्यांशी तुलना करता येईल.